कल्चर ट्रेनिंग तीन महिन्यांनी घ्या

मा. संपादक, नमस्कार.

चाकणला जपानी कंपनीच्या एका सप्लायरकडे मी चौदा वर्षं क्वालिटीला आहे. कल्चर ट्रेनिंग म्हणून जे चालतं त्यावर बरेच दिवस लिहायचं होतं. जपानी साहेब यायच्या आदल्या दिवशी दोन तास स्लाइड दाखवतात, कार्ड दोन्ही हातांनी द्या, वाकून नमस्कार करा, वेळेवर या, झालं. यात चूक काही नाही, पण आमचे वाद कार्डावरून कधी झालेच नाहीत हो.

एकदा डाय, म्हणजे पार्ट बनवायचा साचा, रिपेअरला गेली होती, गुरुवारचा डिस्पॅच जमणार नाही हे सोमवारीच दिसत होतं, पण साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, आधी आपण काहीतरी करून बघू, म्हणून सुपरवायझर 'होऊन जाईल सर' म्हणाला, इंटरप्रिटरने ते तसंच पोचवलं आणि गुरुवारी त्यांची लाइन थांबली. साहेब ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, सोमवारी का नाही सांगितलं? त्यांच्यात होरेनसो म्हणतात, होकोकु म्हणजे रिपोर्ट देणं, रेनराकु म्हणजे कळवत राहणं, सोदान म्हणजे सल्ला विचारणं. पालकाच्या भाजीलाही तोच शब्द, त्यामुळे लक्षात राहतो. स्लाइडवर होता, आम्ही लिहूनही घेतला होता, पण कळला त्या गुरुवारी.

उलटंही होतं. आम्ही एक सुधारणा सुचवली, ते 'केंतो शिमास' म्हणाले, म्हणजे विचार करतो, आम्ही दोन महिने वाट बघत बसलो आणि तो नकार होता! आपलं 'बघतो' तरी वेगळं काय असतं?

म्हणून म्हणतो, ट्रेनिंग पहिल्याच दिवशी उरकू नका. तीन महिने काम झाल्यावर घ्या, दोन्हीकडच्यांना एकत्र बसवा, आपल्याच लाइनवर घडलेलं घेऊन बोला. फक्त मॅनेजर नको, सुपरवायझर पाहिजेच, रोज बोलणं त्याचंच होतं. आणि इंटरप्रिटरला विचारा. पुण्यात दर जुलै-डिसेंबरला इतकी पोरं जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा देतात, यांना दोन्हीकडचं कळतं, पण मीटिंगमध्ये शब्द पोचवण्यापलीकडे त्यांना बोलूच देत नाहीत, हे मला फार खटकतं.

आता नगरकडच्या सुप्यालाही जपानी कंपन्या आल्यात, तिथल्या एचआरवाल्यांनी हे वाचावं. आमच्याकडे सकाळच्या मीटिंगला कोणी 'बघतो' म्हटलं की लगेच 'किती वाजेपर्यंत?' विचारतात. हे लाइनवरच्या पोरांनीच सुरू केलंय.

एक क्वालिटी इंजिनिअर, चाकण