मैदानाला पैसा द्यावा, नाव मागू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील फुटबॉल मैदानांची नावे बँका ठरावीक वर्षांसाठी विकत घेतात, हे आता नवे राहिलेले नाही. आपल्याकडेही क्रीडांगणाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की प्रायोजकाचे नाव कोणीतरी सुचवतोच, म्हणून उद्या शाहू स्टेडियमसाठी असा प्रस्ताव आला तर काय करायचे, याचा विचार कोल्हापूरकरांनी आजच करावा असे वाटते.

जर्मनीतील हॅम्बुर्गच्या फोक्सपार्क मैदानाला २००१ मध्ये एका इंटरनेट कंपनीचे, २००७ मध्ये एचएसएच नॉर्डबँकेचे आणि २०१० मध्ये आणखी एका कंपनीचे नाव लागले. मधल्या काळात, २००९ मध्ये, त्या बँकेलाच सरकारी पैशांवर तगवावे लागले. मूळ नाव परत यायला २०१५ साल उजाडले. याउलट न्यूरेम्बर्गला २०१७ मध्ये कॉन्सर्सबँकेने नावाचे हक्क घेतले, चाहत्यांनीही वर्गणी काढली, आणि मैदानाला नाव मिळाले ते त्याच शहराच्या माक्स मोरलॉक यांचे, ज्यांनी १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा पहिला गोल केला होता. पैसा बँकेचा असूनही मान खेळाडूला मिळाला, हे मला फार मोलाचे वाटते.

नाव कधीच बदलू नये, असा माझा हट्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, पण तो या मातीतल्या गायक-नटाचा गौरव होता, त्यासाठी कोणी रक्कम मोजली नव्हती.

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत आणि सामन्याच्या दिवशी सगळी पेठ मैदानाकडे लोटावी, असे चित्र महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसेल. ज्या राजाने खासबागेचे मैदान बांधून इथल्या तालमींना बळ दिले, त्याचेच नाव या स्टेडियमला आहे. ते नाव पुसून तेथे पाच-दहा वर्षांच्या मुदतीची पाटी लावणे मला तरी सहन होणार नाही.

पैशाची गरज मात्र खरी आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, आणि त्याच्यामागून येणाऱ्या मुलांना चांगली हिरवळ व चांगले प्रशिक्षक मिळायलाच हवेत. एखादी बँक पुढे आली तर तिचे स्वागत व्हावे. प्रेक्षागॅलरीला, गुणफलकाला, मुलांच्या स्पर्धेला तिने खुशाल आपले नाव द्यावे. स्टेडियमचे नाव मात्र कराराबाहेर राहील, असे पहिल्याच कलमात लिहावे आणि सह्या होण्यापूर्वी तो मसुदा सर्व तालमींसमोर ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर