त्याने संघ बदलले नाहीत, संघांनी त्याला बदलले

महोदय,

आपल्या क्रीडा पानावरील चौकटीत अमेरिकी बेसबॉलपटू एडविन जॅक्सन याची ‘१४ संघ फिरलेला’ अशी ओळख वाचली. आकडा बरोबर आहे. २०२५ मध्ये रिच हिल या गोलंदाजाने त्याची बरोबरीही केली. पण ‘फिरलेला’ म्हटले की आपल्याकडे आयाराम-गयाराम आठवतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

२००३ ते २०११ या काळात जॅक्सनने स्वतःहून एकही संघ निवडलेला नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. संघात १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. तोवर क्लब त्याला न विचारता कुणाशीही अदलाबदल करू शकतो. २५ जून २०१० रोजी ॲरिझोनाकडून त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (फटका मारून बेस गाठणे) दिला नाही. चेंडू १४९ आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) तब्बल ८! वेग भरपूर, नियंत्रण कच्चे. त्याची सारी कारकीर्द त्या एका सामन्यात दिसते. पाच आठवड्यांत त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवले. पुढच्या वर्षी २७ जुलैला तर शिकागोहून टोरांटो आणि त्याच दिवशी टोरांटोहून सेंट लुईस! तिथे त्याला वर्ल्ड सीरिजचे, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेचे, विजेतेपद मिळाले. टोरांटोकडून तो प्रत्यक्ष खेळला २०१९ मध्ये, आणि तोच चौदावा संघ.

उत्तरार्धातले कारण निराळे, निव्वळ हिशेबाचे. शिकागो कब्जने २०१३ पासून चार वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलरचा करार केला आणि २०१५ मध्ये त्याला सोडले. करारातला पगार मात्र कब्जलाच चुकवावा लागतो. नवा क्लब उरलेल्या दिवसांपुरते किमान वेतन देतो. इतक्या स्वस्तात अनुभवी गोलंदाज कोण नाकारेल? नको झाला की ४० जणांच्या यादीतून नाव काढायचे. मग सात दिवसांत अदलाबदल, वेव्हर (इतर क्लबांना त्याला घेण्याची संधी) किंवा करारातून मुक्तता.

अदलाबदल नाकारण्याचा हक्क नियमात आहे, पण तो दहा वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच क्लबात झालेल्यालाच. जॅक्सनला कुठल्याही क्लबने तेवढे ठेवलेच नाही.

– एक बेसबॉलप्रेमी वाचक, ठाणे