नवा कोरा, पण कोर दोनच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लॅपटॉप घेताना काय बघावं यावर पान भरून माहिती आली होती, चांगली होती, पण शेवटी एक ओळ होती की सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका, बजेट कमी असेल तर साधा का होईना पण नवाच घ्या. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितेय. माझं कराडात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, १६ वर्षं झाली, लग्नपत्रिका, भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स, ॲडमिशनचे फॉर्म असलं सगळं. निकालाच्या दिवसांत रोज कोणीतरी आई नाहीतर बाप काउंटरवर उभा राहून विचारतो, ताई, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, पंचवीस हजारात कुठला येईल? आणि त्यांच्या खिशात तुमच्याच पेपरातलं जाहिरातीचं कात्रण असतं.

आधी माझीच फजिती सांगते म्हणजे मी उगाच शहाणपण शिकवतेय असं वाटणार नाही. २०२१ च्या दिवाळीत पोराच्या ऑनलाइन क्लाससाठी २३ हजारांचा नवा कोरा लॅपटॉप घेतला, हप्त्यावर, सोबत बॅग फ्री. दोन कोरचा प्रोसेसर (कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात), ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ६४ जीबी ईएमएमसी. ईएमएमसी म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं हार्डडिस्कचंच नवीन नाव असेल. ती मोबाइलात असते तसली मेमरीची चिप असते, बोर्डावरच बसवलेली, एसएसडी नावाच्या वेगवान डिस्कपेक्षा बरीच हळू. पहिले सहा महिने काही वाटलं नाही, एक विंडो उघडून क्लास ऐकायचा एवढंच काम. मग सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. २ जीबी शिल्लक, आणि अपडेटला जागा पाहिजे त्याच्या कितीतरी पट. नणंदेच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर हलवले, पोराचे गेम उडवले, तो रात्री अपडेट लावून झोपायचा आणि सकाळी बघतो तर 'बदल मागे घेत आहोत' असा मेसेज फिरतोय. हे किमान दहा वेळा झालं असेल.

शेवटी रिपेरिंगवाल्याकडे नेला, म्हटलं रॅम वाढवून दे, मोठी डिस्क टाक. त्याने मागचं झाकण काढलं आणि मला आत बोलावून दाखवलं. मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर बसते पण असं कधी बघितलं नव्हतं, आत अर्धा डबा रिकामा! एका बाजूला बॅटरी, वर पंजाएवढा बोर्ड आणि बाकी नुसतं प्लॅस्टिक. "रॅम बोर्डावरच सोल्डर केलीय, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलीय ताई, डिस्क पण. ह्यात टाकायला स्लॉटच दिला नाही," म्हणाला. म्हणजे मी २३ हजार दिले ते ४ जीबीसाठी आणि तो लॅपटॉप मरेपर्यंत ४ जीबीचाच राहणार.

२०२३ ला पोरगा बीसीएला गेला. अँड्रॉइड स्टुडिओ म्हणजे मोबाइलची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, त्याला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते, तिथेच तो लॅपटॉप संपला. माझा दीर पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला वहिनी आता नवीनचा नाद सोड, कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे लॅपटॉप बदलतात, ते लॉटमध्ये बाहेर येतात, त्यातला बघू. सेकंडहँड म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, सासूबाई तर म्हणाल्या, दुसऱ्याचं उष्टं कशाला. घेतला तरी. २०१८ चं मॉडेल, लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, इंटेलचा आठव्या जनरेशनचा, म्हणजे आठव्या पिढीचा, आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, फुल एचडी स्क्रीन, २१,५०० रुपये. नवा असताना तो याच्या तिपटीला तरी असणार. रॅमला दोन स्लॉट आहेत त्यामुळे नंतर आणखी ८ जीबी टाकली, तेव्हा १,६०० ला मिळाली, आता रॅमचे भाव भडकलेत ते सोडा. एकदा दुकानात गर्दीत माझ्या फ्लेक्सची फाइल दोन्हीवर उघडून बघितली, नव्यावर तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा येऊन पिऊन झाला, जुन्यावर क्लिक केलं की हजर. आणि कीबोर्ड! मी दिवसभर मराठी टाइप करते, मला बोटांनी कळतं. त्या स्वस्त लॅपटॉपचा कीबोर्ड मधे दाबला की खाली वाकायचा. ह्याच्यावर पोराने एकदा अर्धा कप चहा सांडला, खालून पाणी निघून जायला भोकं असतात ह्या मॉडेलला, पुसला, उलटा ठेवला, दुसऱ्या दिवशी चालू.

आता कोणी म्हणेल मग डोळे झाकून जुना घ्या. नाही हो. माझ्या भाच्याने २०२४ ला तेच केलं आणि तो पण फसला. त्याला 'आय-सेव्हन' पाहिजे होता, मित्रांना सांगायला. मुंबईतल्या एका दुकानातून १७ हजारांत सहाव्या जनरेशनचा घेऊन आला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, नाव नोंदवलं तर सिक्युरिटीचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे काय? आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, सातव्यापर्यंतचे जवळपास सगळे बाहेर. जुगाड करून टाकतात पोरं, पण ज्या मशीनवर बँक आणि डिजिटल सही चालवायची तिथे मी जुगाड करणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकता येते, पण माझी अर्धी सॉफ्टवेअरं विंडोजचीच आहेत. वर गंमत म्हणजे लॅपटॉपमधला त्या वेळचा, नंबराच्या शेवटी यू अक्षर असलेला आय-सेव्हन दोनच कोरचा असायचा आणि आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह चार कोरचा. नाव मोठं बघून घेतलं की असं होतं. प्रोसेसरच्या नंबरात बघायचं, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी, एवढं तरी दुकानात जाऊन वाचता येतं की.

नवीनमध्ये पण नंबरची असलीच चलाखी आहे. एएमडी कंपनीचा रायझन ७३२०यू प्रोसेसर बघा, २०२२ ला आला, ७००० चा आकडा बघून वाटतं एकदम ताजा माल, पण आतले कोर झेन २ नावाच्या डिझाइनचे, आणि ते डिझाइन २०१९ चं. वाईट नाही तो, पण मग पाच वर्षं जुन्याला 'जुना' म्हणायचं आणि ह्याला 'नवा', हे कसं काय?

जुन्यात खरा त्रास बॅटरीचा. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक बाहेर काढता येणारी. आतली मूळची २४ वॅट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), आमच्याकडे आली तेव्हा फुल चार्जला १४ भरत होती. हे विंडोजच सांगतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्टची कमांड दिली की मूळची किती आणि आता किती भरते ते दोन्ही येतं. दुकानदारासमोर काढायचा तो रिपोर्ट, आणि नव्या बॅटरीचे पैसे किमतीत आधीच धरायचे. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड आहे का ते पण बघायचं, कंपनीचा लॉक राहिलेला पीस कोणी गळ्यात मारला तर नंतर कोण विचारत नाही. पक्कं बिल आणि सहा महिन्यांची लेखी वॉरंटी नसेल तर उठून यायचं, हजार रुपये कमी करतो म्हणाला तरी. ज्यांना हे सगळं बघणारं घरात कोणी नाही त्यांनी नवा घ्यावा, मी त्यांना तसंच सांगते. परवा एक रिटायर्ड गुरुजी आले होते, कीर्तनं ऐकायची आणि नातवाशी व्हिडिओ कॉल, त्यांना मी नवाच सुचवला, फक्त ८ जीबी आणि एसएसडी असलेला बघा म्हटलं, चार कोरचा इंटेलचा एन१०० प्रोसेसर चालेल. त्यांना वॉरंटीचा कागद हातात असणं जास्त महत्त्वाचं.

पण शिकणाऱ्या पोरांना, जी त्यावर चार-चार वर्षं घासणार आहेत, त्यांना २५ हजारांत 'नवाच घ्या' सांगणं मला पटत नाही. तुमच्या पानावर किंमत, स्क्रीनचे इंच, वजन, रंग सगळं होतं. रॅमला स्लॉट आहे का सोल्डर केलेली, डिस्क एसएसडी का ईएमएमसी, हे दोन रकाने नव्हते, आणि माझे २३ हजार त्या दोन रकान्यांतच गेले. जाहिरातींचं तर बोलायलाच नको, किंमत वीतभर अक्षरात आणि ईएमएमसी मुंगीच्या पायाएवढं. ते तुमच्या हातात नसेल, पुरवणीचं पान आहे. ते दोन रकाने घालून आणि जुन्यातली दोन-चार मॉडेलं शेजारी ठेवून तेच पान परत एकदा छापा, आणि जमलं तर मे महिन्यात, बारावीच्या निकालाच्या आधी. मी मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून काउंटरवर चिकटवीन.

आपली नेहमीची वाचक,
एक झेरॉक्सवाली, कराड