लायनेसहून पत्र

प्रिय इक्बाल,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांतल्या हाउटनच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काल हॉय बेटावरील लायनेसला पोहोचलो. या बेटांनी वेढलेल्या स्कापा फ्लो या समुद्रभागाचे पाणी तुमच्या जयगडच्या खाडीइतके निवांत होते. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ येथेच होता, हे कुणी सांगितल्यावाचून कळू नये.

1915 मध्ये सुरू झालेल्या येथील नौसैनिकांच्या दफनभूमीत पहिल्या महायुद्धातील 445 जण पुरलेले आहेत आणि त्यांपैकी 109 जणांची ओळख पटलेली नाही. त्यांच्या शिळांवर नावाच्या जागी नुसते ‘महायुद्धातील एक नौसैनिक’ आणि तळाशी ‘देवालाच ठाऊक’ असे कोरले आहे. एका शिळेवरील नांगराला दोराचा वेढा दाखवला होता, त्या खाचेत दगडफूल धरले होते. नखाने खरवडायला गेलो आणि हात मागे घेतला.

‘व्हॅनगार्ड’ ही युद्धनौका लढाईत बुडालेली नाही. 9 जुलै 1917 च्या रात्री ती येथेच नांगर टाकून उभी असताना दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला आणि आठशेहून अधिक माणसे गेली. त्याच्या वर्षभर आधी ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली, तिच्यावर भारतात सात वर्षे सरसेनापती राहिलेला किचनेर होता. त्याचाही देह सापडला नाही. नाव साउदॅम्प्टनच्या हॉलीब्रुक स्मारकावर आहे. समुद्रात गेलेल्या इतर नौसैनिकांची नावे पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅटमच्या स्मारकांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धात स्कापा फ्लोमध्येच बुडालेल्या ‘रॉयल ओक’ या युद्धनौकेचे 26 जण येथे आहेत, बाकीचे बहुतेक अजून तिच्यातच, पाण्याखाली. याच आवारात जर्मन खलाशीही आहेत, हे मला बरे वाटले.

तेथे उभा असताना मला तुझ्या पणजोबांच्या भावाची आठवण येत होती. आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा, म्हणून बोटीवर चढलेला तो माणूस पहिल्या महायुद्धात परतला नाही, एवढेच तुमच्या घरात सांगतात. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातही स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशा त्या युद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांची आठवण तेथे ठेवली आहे. तू कित्येकदा त्या रस्त्याने गेला असशील. एकदा आत जाऊन ये. आडनाव सापडले नाही म्हणून लगेच परतू नकोस. साहेबाच्या कारकुनाने ते कसे लिहून घेतले असेल, याचा नेम नाही. बापाच्या नावानेही शोध आणि मला कळव.

तुझा,
मोहन