अनोळखी हातांचे आभार

माझ्या १९९१ च्या माझदा एमएक्स-५ या उघडता येणाऱ्या छताच्या छोट्या गाडीच्या इंजिनामागून सतत तेल झिरपत होतं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधलं सील, गेलं असं वाटून धसकाच घेतला होता मी. "आधी इंजिनाच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघा," असं सांगणारे तुम्ही कोण, मला आजही माहीत नाही. जुनी रिंग काढली तर ती बांगडीसारखी कडक झालेली, बोटांत धरताच तुटली. नवी बसवली आणि गळती थांबली.

छताचं पाणी वाहून नेणारी सीटमागची भोकं साफ करायला शिकवणाऱ्या ताईंचेही आभार. ती तुंबली की दाराखालचा पत्रा आतून गंजतो. आणि या गाडीचे झाकलेले हेडलाइट वर उचलणारी, स्वतःसाठी जपलेली मोटर मला देऊन टाकणारे काका! काल दोन्ही दिवे एकदम वर आले, तेव्हा तुम्हीच आठवलात.