हवामान करारालाही धाक हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्राझीलमधल्या बेलेमची हवामान परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये पार पडली आणि कोळसा-तेल सोडण्याचा आराखडा शेवटच्या ठरावात आलाच नाही. तेव्हापासून ‘या परिषदा म्हणजे सरकारी खर्चाच्या सहली’ असे जो तो ऐकवतो. मला ते मान्य नाही.

ओझोनचा थर वाचवताना जगाने करून दाखवले आहे. १९८७च्या मॉन्ट्रियल करारामुळे फ्रिज-एसीमधले क्लोरोफ्लुरोकार्बन जगभरातून हद्दपार झाले. तिथे दोन गोष्टी पक्क्या होत्या. करारात नसलेल्या देशाशी त्या वायूंचा व्यापार बंद, आणि गरीब देशांना तंत्रज्ञान बदलायला वेगळा निधी. २०१५च्या पॅरिस हवामान करारात मात्र उद्दिष्ट ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ते गाठले नाही तर दंड नाही. पैशाची तर रडकथाच. २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०,००० कोटी डॉलर देऊ, असे श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला सांगितले. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये.

आमच्या गोव्यातल्या खाजनाचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचे, बांध अशा भिडेखातर टिकले नसते. मानशीतल्या (बांधातल्या पाण्याच्या दारातल्या) मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, त्या पैशातून डागडुजी व्हायची. कारण एका जागी भगदाड पडले की अख्ख्या खाजनात खारे पाणी. (आता पावणीतले किती पैसे बांधावर लागतात, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

धाक तसाही येतोच आहे, फक्त आपल्याला न विचारता. युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून आयात पोलादावर कार्बन शुल्क, म्हणजे ते बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाचा आकार, लागू केले. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. ते पोलाद युरोपला गेले, म्हणजे धूळ बंदराशेजारच्या वास्कोने खायची आणि शुल्क युरोपच्या तिजोरीत. दिल्लीने या एकतर्फी शुल्काला विरोध केला तो रास्तच, पण नुसत्या विरोधाने काय साधणार? शुल्क सगळ्या देशांनी मिळून ठरवावे आणि त्यातला पैसा चढत्या समुद्राला तोंड देणाऱ्या गावांकडे वळवावा, अशी मागणी भारताने पुढच्या परिषदेत मांडायला हवी. गोव्याच्या तीन खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न संसदेत विचारावा.

आपला,
एक वाचक, मडकई