सूर्यास्ताचे पैसे, रात्रीचे तिकीट

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दुबई सहलीत बुर्ज खलिफाची सूर्यास्ताची वेळ न दिल्याबद्दल तक्रार आणि फरकाच्या रकमेची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीच्या जानेवारीतील दुबई सहलीला मी, माझे पती आणि सासू-सासरे असे चौघे आलो होतो. विमान, हॉटेल, बस यांबद्दल काही म्हणणे नाही. (अबुधाबीच्या दिवशी दोन्ही वेळा पनीरच पानात आले, पण पनीरसाठी कोणी तक्रार अर्ज करत नाही.) तक्रार एकाच गोष्टीची आहे.

आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहिले आहे, ‘बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावरून सूर्यास्ताचा नजारा’. बुकिंगच्या वेळी मी आपल्या नाशिक शाखेत मुद्दाम विचारले होते, “नक्की सूर्यास्तच ना?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “हो काकू, म्हणून तर आपला रेट इतरांपेक्षा थोडा वर आहे.” तो वरचा रेट आम्ही भरला. प्रत्यक्षात हातात पडलेल्या तिकिटांवर प्रवेशाची वेळ होती रात्री ८. जानेवारीत दुबईत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो.

माझ्या पहिल्या ईमेलला आपल्याकडून उत्तर आले की ‘वाहतूक कोंडीमुळे गैरसोय झाली’. हे उत्तर मला मान्य नाही. त्या दिवशी आपली बस साडेचारलाच दुबई मॉलच्या दारात लागली होती. निरीक्षण मजल्यांचे प्रवेशद्वार त्याच मॉलच्या खालच्या पातळीवर आहे. म्हणजे बाहेर सूर्य मावळत असताना आम्ही सगळे त्या इमारतीच्या पायथ्याशी होतो आणि टूर मॅनेजरनी दिलेला ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ अत्तराच्या दुकानांसमोर घालवत होतो. शिवाय तिथली तिकिटे ठरावीक वेळेचीच निघतात. कोंडी झाली म्हणून छापलेली वेळ बदलत नाही. टूर मॅनेजरनी दाखवलेल्या पावतीवर तिकीटखरेदीची तारीख आम्ही नाशिकहून निघण्याआधीची आहे, तिचा फोटो जोडला आहे. सूर्यास्ताच्या आसपासच्या वेळा तिथे ‘प्राइम अवर्स’ म्हणून जास्त दराने विकल्या जातात, रात्रीच्या उशिराच्या वेळा त्याहून स्वस्त पडतात. आपण स्वस्त तिकीट काढले आणि आमच्याकडून महागाचे पैसे घेतले. यात कोंडीचा संबंध कुठे येतो?

‘रात्रीची दुबई तर जास्तच सुंदर दिसते’ असेही आपल्या प्रतिनिधीने फोनवर ऐकवले. दिसते ना. शेख झायेद रोडवरून वाहणारे पांढरे आणि लाल दिवे आम्हीही डोळे भरून पाहिले. पण रात्री फक्त दिवे दिसतात. वाळवंट कुठे सुरू होते, समुद्राचा रंग कसा आहे, ८२८ मीटरच्या त्या इमारतीची सावली संध्याकाळी पूर्वेकडे किती लांब पडते, यातले काहीच दिसत नाही. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला समुद्रात भराव घालून केलेली ‘द वर्ल्ड’ ही नकाशाच्या आकाराची बेटे वरून पाहायची होती, त्यासाठी त्यांनी दुर्बीण बरोबर घेतली होती. ४५२ मीटर उंचीवर ते काचेला कपाळ टेकवून, आतल्या दिव्यांची तिरीप अडवायला दोन्ही हातांचा आडोसा करून उभे राहिले. मागून कुणाचा तरी फ्लॅश उडाला की काचेत त्यांचाच चेहरा दिसायचा. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, “समुद्र नक्की कुठल्या बाजूला गं?” मला सांगता आले नाही. सगळीकडे सारखाच काळोख होता.

या इमारतीवर सूर्यास्ताला वेगळा अर्थ आहे, हे आपल्यासारख्या कंपनीला सांगायला नको. जमिनीवर सूर्य बुडाल्यानंतरही वरच्या मजल्यांवरून तो काही क्षण दिसत राहतो. म्हणूनच २०११ च्या रमजानमध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असे सांगितले होते. ही गोष्ट आपल्याच टूर मॅनेजरनी बसमध्ये माइकवरून रंगवून सांगितली. तेव्हा त्यांच्या खिशात रात्री ८ ची तिकिटे होती.

बुर्ज खलिफाच्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. सासूबाईंचे गुडघे पाहून त्यांनी रांगेत बसायला जागा करून दिली. लिफ्ट मिनिटभरात वर गेली. त्यांनी तिकिटाप्रमाणे सेवा दिली. तिकीट चुकीचे काढले ते आपण.

माझ्या मागण्या अशा. सूर्यास्ताच्या आणि आम्हाला दिलेल्या तिकिटाच्या दरातला चौघांचा फरक परत करावा. शाखेत ज्या ‘वरच्या रेट’चे कारण सूर्यास्त असे सांगितले गेले, तो किती होता हे लेखी कळवून तीही रक्कम परत करावी. पुढच्या सहलीसाठी कूपन नको, रक्कम खात्यावर हवी. आणि आपल्या मे महिन्याच्या जाहिरातीतही हेच वाक्य छापलेले आहे, ते एकतर काढावे किंवा त्याप्रमाणे तिकिटे काढावीत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथेबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे मला मुंबईच्या मुख्य कार्यालयात खेपा घालाव्या लागणार नाहीत.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : कार्यक्रमपत्रिकेचे पान, चारही तिकिटांच्या प्रती, टूर मॅनेजरनी दाखवलेल्या पावतीचा फोटो, बस मॉलपाशी पोहोचल्याचा ग्रुपवरचा संदेश आणि आपल्या कंपनीचे ईमेल उत्तर.